कुंपणानेच शेत खाल्ले : न्यूझीलंडचे गॉर्स आणि त्याचे बी खाणारा पतंग

तुरीच्या शेंगेत शिरून दाणा फस्त करणारी अळी तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. हरभऱ्याच्या घाटेअळीबद्दल तर तुम्हीच आम्हाला चार गोष्टी सांगाल. ऐन दाणा भरायच्या वेळी ही अळी येते आणि वर्षाच्या कष्टावर पाणी पाडते. आता अशीच शेंगेतले बी खाणारी एक अळी एका देशाने मुद्दाम साता समुद्रांपलीकडून आणली, पिंजऱ्यात वाढवली आणि रानात सोडून दिली, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, “साहेब, हा कसला उलटा कारभार?”

पण त्या देशाला तसे करावे लागले. कारण होते एक काटेरी झुडूप. ते लोकांनी शेताच्या राखणीसाठी, कुंपण म्हणून लावले होते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याने ही म्हण ऐकली नसेल, पण त्याच्या चार-पाच पिढ्यांनी ती भोगली आहे. त्या झुडपाची आणि त्याचे बी खाणाऱ्या पतंगाची ही हकीगत तणाशी झगडणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे.

कुंपण कसे आले

न्यूझीलंड म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडचा, दोन मोठ्या बेटांचा देश. मेंढ्या आणि दुभती जनावरे हा तिथला मुख्य धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून शेतकरी तिथे वस्तीला गेले. जाताना त्यांनी बी-बियाणे, गुरेढोरे आणि घरच्या सवयीही बरोबर नेल्या. त्यांतली एक सवय म्हणजे गॉर्सचे कुंपण.

गॉर्स हे पश्चिम युरोपातले झुडूप. माणसापेक्षा उंच वाढते, बारा महिने हिरवे राहते आणि अंगभर इतके काटे की जनावर आत शिरत नाही. फुले पिवळीधमक. तूर-हरभऱ्यासारखीच ही शेंगवर्गातली वनस्पती आहे आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते. इंग्लंडात तिचे कोवळे शेंडे ठेचून घोड्यांना घालत आणि वाळलेल्या फांद्या भट्टीत जाळत. थोडक्यात, गॉर्स हे कामाचे झाड होते.

नव्या मुलुखात तारेचे कुंपण सुरुवातीला मिळत नव्हते. मेंढ्या तर आवरायच्या होत्या. म्हणून लोकांनी बांधाबांधाने गॉर्सचे बी पेरले. प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३५ मध्ये तिथल्या वाइमाटे या गावच्या मिशनच्या शेतावर गेला होता. तिथे पाहिलेल्या युरोपीय पिकांची आणि फळझाडांची यादी त्याने लिहून ठेवली आहे. त्या यादीत कुंपणासाठी लावलेले गॉर्सही आहे. तेव्हा ते प्रगतीचे लक्षण वाटत होते.

पुढे काय झाले ते ऐका. न्यूझीलंडची हवा सौम्य आणि दमट. गॉर्सला ती इतकी मानवली की मायदेशापेक्षाही ते जोमाने वाढू लागले. जंगल तोडून, जाळून कुरणे केलेली मोकळी जमीन त्याला आयती मिळाली. शिवाय मायदेशात त्याचे शेंडे, फुले, बी खाणारे किडे होते, ते सगळे मागे राहिले. चोर आला आणि पोलीस मागेच राहिला, असा प्रकार झाला.

कुंपण वेळच्या वेळी छाटले तोवर ठीक होते. छाटणी चुकली की फुले, फुलांमागून शेंगा आणि शेंगांमागून बी. बांधावरचे गॉर्स कुरणात उतरले, कुरणातून डोंगरउतारावर चढले आणि नदीकाठाने पसरले. अखेर १९०० साली तिथल्या सरकारने तणांसंबंधी कायदा केला आणि त्यात गॉर्सला उपद्रवी तण ठरवले. पासष्ट वर्षांपूर्वी ज्याचे कौतुक होते, ते कायद्याने गुन्हेगार ठरले.

खरी ताकद बियांत

गॉर्स तोडले तर बुडख्यातून पुन्हा फुटते. जाळले तर तेलकट असल्याने भडकून पेटते, पण पावसाळी हवेत त्याच बुडख्यांना नवे धुमारे येतात. वर आगीची धग लागून जमिनीतले बी उगवायला लागते. म्हणजे शेतकऱ्याने आग लावायची आणि पेरणी गॉर्सची व्हायची.

याचे मूळ बियांत आहे. गॉर्सची शेंग उन्हात वाळली की तडकन फुटते आणि बी काही हात लांब उडते. बियांचे कवच टणक असते. त्यामुळे सगळे बी एकदम उगवत नाही. काही पुढच्या वर्षी, काही दहा वर्षांनी उगवते आणि काही तर तीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जमिनीत जिवंत पडून राहते. जुन्या झुडपाखालच्या एका चौरस मीटर मातीत हजारो बिया सापडतात.

याला सावकारी कर्ज म्हणा. वरचे झुडूप तोडून तुम्ही एक हप्ता भरता, पण मुद्दल जमिनीत तसेच असते. बापाने बी पडू दिले की मुलाच्या हयातभर ते फिटत नाही.

“झाड नको, बी तेवढे मारा”

१९२० च्या दशकात जगभर एका नव्या उपायाची चर्चा होती. तण परदेशातून आले असेल तर त्याच्या मायदेशातून त्याचा नैसर्गिक शत्रू आणायचा. यालाच जैविक नियंत्रण म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्या वेळी फड्या निवडुंगाने सुमारे ६ कोटी एकर जमीन व्यापली होती. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली, १९२६ पासून तो पतंग रानात सोडला आणि त्याच्या अळ्यांनी निवडुंगाची पाने आतून पोखरून काही वर्षांत मैलोन् मैल जमीन मोकळी केली. आपल्या देशातही १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका पिठ्या ढेकणासारख्या किडीने दक्षिणेतला फड्या निवडुंग असाच आटोक्यात आणला.

मग न्यूझीलंडनेही गॉर्ससाठी किडा शोधायला घेतला. नेल्सन गावातल्या कॉथ्रॉन संस्थेत डॉ. डेव्हिड मिलर हे कीटकशास्त्रज्ञ या कामावर होते. पण इथे एक अडचण आली आणि या सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे.

सगळ्यांना गॉर्स नकोसे झाले नव्हते. अनेकांची कुंपणे अजून गॉर्सचीच होती. मधमाश्या पाळणाऱ्यांना वसंतात त्याच्या फुलांतला पराग हवा होता. त्यामुळे झुडूप मारणारा किडा आणायला लोक तयार नव्हते. मधला मार्ग निघाला तो असा : झाड राहू द्या, फक्त बी खाणारा किडा आणा. म्हणजे कुंपण टिकेल आणि पसारा थांबेल.

त्यासाठी इंग्लंडातला एक बारीक सोंड्या निवडला गेला. आकाराने दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे साठवणीतल्या धान्यातल्या सोंड्यासारखाच. मादी सोंडेने हिरव्या शेंगेला भोक पाडते आणि आत अंडी घालते. अळ्या बी खाऊन तिथेच मोठ्या होतात आणि शेंग तडकली की नवे सोंडे बाहेर पडतात. इंग्लंडात रॉथमस्टेड येथे त्याचा अभ्यास झाला, इतर उपयोगी झाडे तो खातो का ते तपासले आणि १९३१ मध्ये न्यूझीलंडात तो सोडला गेला. तो तिथे रुजला आणि काही दशकांत देशभर पसरला.

सोंड्या कुठे कमी पडला

आता तुम्ही विचाराल, मग गॉर्स कमी झाले का? नाही झाले. सोंड्याने आपले काम चोख केले. वसंतातल्या शेंगांतले पुष्कळ बी तो खातो. पण त्याची पिढी वर्षाला एकच. अंडी घालण्याची वेळही एकच, वसंताची.

न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट आहेत. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत आणि मार्च ते मे शरद. गॉर्स तिथल्या बऱ्याच भागांत दोनदा फुलते, एकदा वसंतात आणि दुसऱ्यांदा शरदाच्या सुमारास. या दुसऱ्या बहराच्या शेंगांकडे सोंड्या फिरकतच नव्हता. वसंतात पहारा होता, शरदात वाडा उघडा. त्या एका बहराचे बी जुने कर्ज पुन्हा वाढवायला पुरेसे होते.

दरम्यान माणसांनीही सगळे करून पाहिले. तोडणे, नांगरणे, जाळणे, शेळ्या घालणे झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तणनाशकांचा जमाना आला आणि ‘२,४,५-टी’ नावाचे औषध गॉर्सवर भरपूर मारले गेले. पण त्यात डायॉक्सिन हा अतिशय विषारी अंश असतो असे दिसून आले आणि ते औषध अखेर बंद पडले. डोंगरउतारावर फवारणीचा खर्चही परवडेना. तेव्हा पुन्हा किड्यांकडे लक्ष गेले.

१९९२ : पतंग येतो

या वेळी प्रश्न नेमका होता : शरदातले बी कोण खाईल? युरोपातच त्याचे उत्तर सापडले. गॉर्सच्या शेंगेवर जगणारा एक छोटा करडा-तपकिरी पतंग. शास्त्रज्ञ त्याला ‘सिडिया सक्सेडाना’ म्हणतात. आपण त्याला गॉर्सचा शेंगपतंग म्हणू.

मादी शेंगांजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी शेंग पोखरून आत शिरते आणि एकेक बी फस्त करते. एक शेंग संपली की दुसरीत जाते. मागे राहते भोक आणि आत विष्ठेचा भुसा. तुरीची शेंग उघडल्यावर जे दिसते ते आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. वाढ पूर्ण झाली की अळी शेंगेबाहेर येऊन कोष करते. महत्त्वाचे म्हणजे या पतंगाच्या वर्षात दोन पिढ्या होतात. एक वसंताची आणि दुसरी पुढच्या बहराची. सोंड्याने सोडलेले बी पतंग टिपेल, असा हिशेब होता.

पतंग थेट रानात सोडला नाही. आधी बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून, गॉर्सखेरीज कोणत्या शेंगवर्गीय झाडांवर तो अंडी घालतो आणि अळी कशावर जगते, ते तपासले. चाचण्यांत तो गॉर्सलाच धरून राहील असे दिसले. मग १९९२ पासून तो देशात सोडण्यात आला. तोही रुजला आणि पसरला.

हिशेब काय निघाला

पतंगाने गॉर्स संपवले का? नाही. मग तो वाया गेला का? तसेही नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्या.

जिथे पतंगाच्या पिढीची आणि शेंगांची वेळ जुळली तिथे सोंड्या आणि पतंग मिळून पुष्कळ बी खातात. जिथे हवामानामुळे बहर पुढे-मागे होतो तिथे पतंग उडतात तेव्हा शेंगा नसतात आणि शेंगा असतात तेव्हा पतंग नसतात. निसर्गात वेळ चुकली की सगळेच चुकते. उशिरा पेरलेल्या पिकाची गत तुम्ही जाणताच.

दुसरी गोष्ट गणिताची. समजा एका तुकड्यावर हजार बिया पडल्या आणि किड्यांनी त्यातल्या नऊशे खाल्ल्या. ऐकायला मोठे वाटते. पण त्या तुकड्यात मोठी झुडपे मावतात दहाच. उरलेल्या शंभर बिया त्या दहा जागा भरायला पुरून उरतात. शिवाय जमिनीतले जुने बी आहेच. म्हणून बी खाणाऱ्या किड्याचा परिणाम उभ्या झुडपावर दिसत नाही. तो दिसतो नव्या जमिनीत शिरण्याच्या वेगावर आणि साफसफाई केल्यानंतरच्या उगवणीवर. निवडुंगाचा पतंग झाड मारणारा होता, म्हणून काही वर्षांत गुण दिसला. इथे लोकांनी झाड राखायचे आणि बी मारायचे ठरवले. अर्ध्या मनाने केलेल्या कामाला अर्धेच फळ आले.

पतंग दुसऱ्या शेंगेकडे वळला

अजून एक धडा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. पुढच्या काळात रानात पाहणी करताना हा पतंग गॉर्सखेरीज इतर काही परदेशी शेंगवर्गीय झाडांच्या शेंगांतही आढळला. त्यांत काही तणे होती, पण वैरणीसाठी उपयोगी पडणारी एक द्विदल वनस्पतीही होती. चाचण्यांत हे दिसले नव्हते.

असे का झाले? शास्त्रज्ञांनी स्वतःच उलटतपासणी केली. दोन कारणे पुढे आली. एक, गॉर्सवर शेंगा नसतील अशा दिवसांत पतंग बाहेर पडले तर पोटासाठी आणि पिढीसाठी ते जवळची दुसरी शेंग धरतात. दोन, चाचणी झाली ती इंग्लंडातल्या पतंगांवर, पण सोडलेल्यांत काही पोर्तुगालहून आणलेलेही होते. नाव एक असले तरी मुलुख वेगळा, खोड वेगळी असू शकते. बियाण्याची पिशवी एका वाणाची तपासायची आणि पेरायचे दुसऱ्याच गावचे, असा हा प्रकार.

मोठे नुकसान झाले नाही. पण सोडलेला पतंग कोणी परत बोलावू शकत नाही. औषध चुकले तर पुढच्या वर्षी बदलता येते. किडा एकदा रुजला की तो कायमचा.

आपल्याला यातून काय

तुम्ही म्हणाल, न्यूझीलंडचे झुडूप, आमचा काय संबंध? पहिली गोष्ट, गॉर्स आपल्या देशातही आहे. दक्षिणेत निलगिरीच्या उंच, थंड पठारावर ते परदेशातून आले आणि तिथल्या गवताळ रानात पसरले. आपल्या महाराष्ट्राची हवा त्याला मानवणारी नाही, म्हणून आपण सुटलो.

पण त्याचा भाऊबंद आपल्या बांधावर उभा आहेच. गाजर गवत, ज्याला तुम्ही काँग्रेस गवत म्हणता, त्याची भारतातली नोंद १९५६ मध्ये पुण्यातून झाली. आज असे गाव नाही जिथे ते नाही. एक झाड पंधरा हजार किंवा त्याहूनही अधिक बिया टाकते. त्यावर उपाय म्हणून बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने मेक्सिकोतून भुंगा आणला आणि १९८४ मध्ये सोडला. हा मेक्सिकन भुंगा पाने खातो आणि पावसाळ्यात चांगले काम करतो. पण पावसाळा सरला की तो जमिनीत झोपतो. इकडे पाटाच्या कडेला आणि बागायतीच्या बांधावर ओलाव्याने गाजर गवत बारमाही उगवत राहते. वसंतात पहारा आणि शरदात वाडा उघडा, तीच गोष्ट.

हाच भुंगा सूर्यफुलावर दिसल्याने १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांत घबराट झाली होती. केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. अभ्यासात दिसले की सूर्यफुलावर तो नीट वाढत नाही आणि पिकाची कीड ठरत नाही. घबराट शमली. पण शंका काढणारे शेतकरी चुकले नव्हते. असा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि त्याचे उत्तर तपासूनच घेतले पाहिजे.

हे ध्यानात ठेवा

१) तणाची लढाई फुलोऱ्याआधी लढा. बी पडल्यावर केलेली खुरपणी म्हणजे व्याज भरणे. गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला, त्वचेला खाज येत नाही.

२) आपल्या शेतात एक वर्ष सफाई करून थांबू नका. जमिनीतले बी संपेपर्यंत सलग काही वर्षे लक्ष ठेवावे लागते. बांध, पाट, रस्त्याची कड आणि गावाचे पडीक रान गावाने मिळून साफ करा. एकट्याचे शेत स्वच्छ ठेवून शेजारचे बी थांबत नाही.

३) मित्रकिडा हा गडी आहे, मालक नाही. तो आपल्या वेळेला आपले काम करील. उरलेले काम आपलेच. मेक्सिकन भुंगा ज्या पडीक जागेत काम करतो आहे तिथे कीटकनाशक मारू नका.

४) कोणी परगावाहून, परराज्यातून किडा किंवा झुडूप आणून दिले तर ते सोडण्या-लावण्याआधी कृषी विद्यापीठाला किंवा कृषी खात्याच्या अधिकाऱ्याला दाखवा. फुकट मिळाले म्हणून घाई नको.

५) कुंपणासाठी आपल्या मातीतलीच झाडे बरी. करवंद, सागरगोटा, निरगुडी, चिलार यांची वई आपले आजे-पणजे लावत आले. त्यांना खाणारे किडे, पाखरे, शेळ्या इथेच आहेत, म्हणून ती पायरी सोडत नाहीत.

न्यूझीलंडात एक गंमत मात्र घडली. क्राइस्टचर्च शहराजवळच्या हिनेवाई नावाच्या राखीव रानात १९८७ पासून गॉर्सला कोणी तोडले नाही, जाळले नाही. फक्त गुरे आणि आग दूर ठेवली. गॉर्सच्या सावलीत तिथली मूळची झाडे हळूहळू वर आली आणि सावली पडताच गॉर्स आपोआप मागे हटू लागले. कारण त्याला ऊन लागते. शेतात हा उपाय चालणार नाही, कारण त्याला कित्येक वर्षे लागतात. पण त्यातून एक गोष्ट समजते : मोकळी, उघडी, उजाड जमीन हेच तणाचे खरे माहेर. जमीन झाकलेली ठेवा. पीक दाट ठेवा, बांधावर गवत राखा आणि पडीक जागेत तरोटा किंवा झेंडूसारखी गाजर गवताला दाबणारी झाडे वाढू द्या.

हे पत्रक वाचून झाले की शेजाऱ्याला द्या. आणि उद्या सकाळी बांधावर जाल तेव्हा फुलावर आलेले गाजर गवत दिसले तर पुढे जाऊ नका. वाकून उपटा. एक झाड उपटले की पंधरा हजार बियांचे कर्ज टळले.